लंबगोल

माझं दुकान दफनभूमीच्या फाटकासमोर.
डावीकडे शेवंतीवाली ओर्निएल्ला, उजवीकडे मेणबत्त्या,
मध्ये मी आणि माझी भट्टी:
आठशे अंशांवर मी माणसं पक्की करतो,
चिनी मातीच्या लंबगोलात, थडग्यावर बसवायला.

लोक फोटो आणतात ते लग्नातले.
एवढाच चेहरा घ्या, म्हणतात.
मग खांद्यावर कुणाचा तरी हात उरतो,
बोटात अंगठी.
तो हात मी कात्रीने काढतो. चाळीस वर्षं हेच:
हात काढणं, टाय चढवणं,
मिटलेला डोळा उघडणं.

एर्सिलिया बोन्विचिनो तोरिनोहून आलेली.
लाकडी कॅमेरा, पितळी बिजागऱ्या,
आणि डोक्यावर घ्यायला काळं कापड.
ते ओढून ती बांधावर उभी राहिली
की आमच्या म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढत पुढे सटकायच्या.
कॅलेंडरवाल्यांनी पार झिजवून टाकलेल्या
टेकड्या आणि सरूंच्या रांगा सोडून
ती आली आमच्या चिखलात,
जिथे पो नदीला समुद्र गाठायचा कंटाळा येतो
आणि ती वाटेतच बसकण मारते.

अकरा दिवस धुकं.
अकरा दिवस गाउदेन्झियो तिला होडीतून न्यायचा
वाम पकडायच्या झोपड्यांपाशी,
आणि परत आणायचा. फोटो एकही नाही.
"काही दिसत नाही म्हणून थांबलीय का?" मी विचारलं.
"छे," तो म्हणाला, "फार दिसतंय म्हणते."
आम्ही हसलो. त्या दिवशी दारू कुणी पाजली
ते आता आठवत नाही.
बाराव्या दिवशी तिने एकदाच कळ दाबली
आणि संध्याकाळच्या बसने गेली.

फेब्रुवारीत गाउदेन्झियो गेला.
झेलिंदा आली, खाटकाच्या कागदात गुंडाळलेला फोटो घेऊन.
"दुसरा नाही?"
"आहे, लायसन्सवरचा. त्यात तो चोर दिसतो."

मी कागद उलगडला.
वर धुकं, खाली धुकं,
पाणी कुठे संपतं ते विचारू नका.
डाव्या कडेला, कुणीतरी पुसायचा विसरल्यासारखा,
पाठमोरा एक माणूस. हातात वल्ह्याची काठी.

चेहराच नाही तर दगडावर लावू काय?
मी तोरिनोला फोन केला. समोरून काढलाय का एखादा?
बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली,
"तोच म्हणाला, समोरून नको, दात नाहीत."

असलं धुकं मिलानोत हजारो युरोंना जातं म्हणे.
मी पितळी साचा त्यावर सरकवत राहिलो.
कुठेही ठेवला तरी
धुकं पुरं, माणूसच तेवढा कापला जायचा.
शेवटी झेलिंदाने बोट टेकवलं. इथे.
टोपीची कड, एक कान,
काठीचं टोक, बाकी सगळं पांढुरकं.
"रात्री तीनला उठून जायचा ना,
तेव्हा मला एवढाच दिसायचा."

काळा रंग भट्टीत सोपा. पांढरा तर मातीचाच.
राखाडी मात्र बदमाश:
पहिल्यांदा निळा पडला, दुसऱ्यांदा शेवाळी.
तिसऱ्यांदा मी रात्रभर भट्टीपाशी बसलो,
पैसे एकाचेच घेतले.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, ती आली.
कॅमेरा नव्हता. गर्दीतून वाट काढत
त्या थडग्यापाशी गेली, बाहीने लंबगोल पुसला.
दव गेलं.
धुकं होतं तिथेच.
पुन्हा एकदा पुसलं तिने, का कोण जाणे.

मग दुकानात आली. फोटोबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाली, "ते कापलेले हात. टाकून देता?"

कुणीच हे विचारलं नव्हतं.
मी फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला,
झाकण गंजलेलं, सुरीने उचकटावं लागलं.
ती स्टूल ओढून बसली.
बाहेर ओर्निएल्ला उरलेल्या शेवंतीवर पाणी मारत
गिऱ्हाइकाशी पन्नास सेंटांवरून भांडत होती.