लाइन चालू आहे का

खोक्यातून काढल्यावर तीन दिवस
मी काहीच मागितलं नव्हतं त्याच्याकडे,
ना पत्र, ना हवामान.
तरी रात्री सव्वातीनला राउटरचा हिरवा दिवा
कुणाशी तरी कुजबुजत होता.

कॅर्डलाच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली मी.
कोण कुणाला जोडलं गेलं, हे हातांना ठाऊक असायचं.
आता माझ्याच स्वयंपाकघरातून कॉल जातात
आणि मलाच पत्ता नाही.

भाचा राइवो टालिनहून म्हणाला, "मावशी, सोड ना."
सोडते कशाला!
वहीत रकाने आखले: वेळ, आकडे, किती बाइट.
एकेक प्रोग्राम बंद करत गेले,
मटार सोलताना किडका दाणा हुडकावा तसे.
घड्याळ वेळ विचारत होतं. विचारू दे.
मग सापडला खरा बडबड्या:
दर काही मिनिटांनी लांब कुठेतरी जाऊन
एक इवलीशी फाइल मागायचा.
उघडली. आत एकच शब्द, 'यशस्वी'.
आहे का कुणी तिकडे? आहे. एवढंच.

हसूच आलं.
पहाटेच्या पाळीला आम्हीही हेच करायचो,
हापसालूची लाइन उचलून, उगाच:
"ऐकू येतंय?"
"येतंय. इथे बर्फ पडतोय."

एक आकडा मात्र उरलाय, मंगळवारचा.
एकदाच दिसला, चाळीस बाइट घेऊन गेला.
त्याच्याखाली शिसपेन्सिलीने रेघ मारलीय.

रात्री वायर काढून ठेवते.
सकाळी लावते,
आणि पहिला प्रश्न त्याचाच असतो.