वैयक्तिक संवाद

राजारामपुरी, तेरावी गल्ली, रात्रीचे पावणेबारा.
पोर्टल पुन्हा म्हणतं, तुमचं सत्र संपलं आहे.
पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा तेच चौकोन:
सारांश अडीचशे शब्दांत,
ठळक मुद्दे पाच,
प्रत्येकी पंच्याऐंशी अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
मोकळ्या जागाही मोजतात म्हणजे.

चार हंगाम मी रानभेंडीचा चिकट रस मोजला,
काहिलीत तो पडला की मळी वर कशी येते,
किती येते, कशाने येते.
मगदूम सर म्हणाले, रंग छापणार नाहीत,
आलेखाच्या रेघा तुटक कर. केल्या.
संदर्भांतल्या स्वल्पविरामांचे अर्धविराम केले,
एकशे बारा संदर्भ,
डोळ्यांत गुऱ्हाळाचा धूर गेल्यासारखं पाणी.

पहिला परीक्षक दोन ओळींत खूश.
दुसऱ्याचे अकरा आक्षेप. त्यातला सातवा:
काहील उतरवण्याचा क्षण कसा ठरवला?
कारागिराचा अंदाज हे मापन नव्हे.
स्रोत द्यावा.

स्रोत कोग्यात राहतो.
श्रीपती ज्ञानू वरुटे, गुळव्या,
बेचाळीस हंगाम, डाव्या मनगटावर पाकाचा जुना डाग.
लेखात मी त्यांना कंसात बसवलं होतं
(वैयक्तिक संवाद, कोगे)
जसं पाहुण्याला सोप्यात बसवून
आत चहा सांगायला जावं आणि विसरावं.

गंगावेशीतून केएमटी धरली, पिशवीत थर्मामीटर.
आण्णा बुडबुड्यांकडे बघत नव्हते, ऐकत होते.
'मोठा बुडबुडा फटफट बोलतोय.
बारीक झाला की कुजबुजतोय.
कुजबुज तुटायच्या आत उतरायचं. लिव्ह.'
लिहिलं.
त्यांनी हात वर केला, मी आकडा वाचला:
एकशे अठरा पूर्णांक दोन.
दोन दिवस, सात आधणं,
सात वेळा हात, सात आकडे,
सगळे अर्ध्या अंशाच्या आत.
वहीवर चिपाडाची राख. वाचून दाखवलं.
म्हणाले, 'मंजी तुझं यंत्र बरोबर हाय.'

बांधावर बसून मी परीक्षणाची रीत सांगितली,
की नावं झाकलेली असतात, त्यांची आम्हाला, आमची त्यांना.
'आमच्या बाच्या टायमाला सौद्यात असंच,
रुमालाखाली बोटं धरायची.
पर आधी ढेप फोडून चाखायचे गं.
तुझी मानसं चाखत्यात का?'

त्या रात्री त्यांना कंसातून बाहेर काढलं.
तिसरे लेखक: वरुटे, श्री. ज्ञा.
संस्था: गुऱ्हाळघर, कोगे, तालुका करवीर.
ही संस्था आमच्या नोंदीत नाही. तरीही पुढे जायचं?
तरीही.
ईमेल लाल चांदणीसह अनिवार्य.
दिला नातीचा, आठवीतल्या समृद्धीचा.
तिने दुव्यावर बोट ठेवून आजोबांच्या वतीने कबूल केलं
की होय, या लेखात माझा वाटा आहे.
हितसंबंधांचा संघर्ष असल्यास नमूद करा.
फोनवर विचारलं.
'हाय की, भावकीत, बांधावरनं.
गुळात न्हाई.'

सादर करा.
एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला.

पुढे गाळप संपलं, चुलाणं गार झाली.
मृगाच्या तोंडावर आण्णांचाच फोन:
'दर काय लागला?'
म्हटलं, पसंत पडलाय, पण छापायला
तेच आपल्याकडे पैसे मागताहेत, दीड लाख.
पलीकडे कुणीतरी म्हशीला हाकललं, बादली वाजली.
मग आण्णा म्हणाले,
'पेढी बदल.'

मी दिवा लावला
आणि अर्धविरामांचे पुन्हा स्वल्पविराम करायला बसले.