तांबाकाट्यावर

पायधुणीच्या अंगाला, तांबाकाट्यावर
हरजीवन कंसाऱ्याचं दुकान इतकं अरुंद
की गिऱ्हाईक आत आलं की मालक बाहेर उभा राहतो.
मी पिशवी उपडी केली.
खेतवाडीतली खोली रिकामी करताना उरलेलं:
चमचे, दोन काटे, मूठ सैल झालेली सुरी,
पळ्या, एक डाव.
"किलोवर," तो म्हणाला. "नगावर नाही."

दोरीला बांधलेलं लोहचुंबक
त्याने ढिगावरून फिरवलं, दृष्ट काढावी तसं.
चिकटलं ते हलकं स्टील, एका बाजूला.
नाही चिकटलं त्याला टिचकी मारून कान लावला.
"कासं गातं, पितळ बोलतं,
जर्मन नुसतं हूं म्हणतं."
जर्मन म्हणजे अल्युमिनियम.
पण जर्मन सिल्व्हर म्हणजे अल्युमिनियम नाही
आणि सिल्व्हर तर नाहीच:
तांबं, जस्त, निकेल. चांदी फक्त नावात.
"माणसांतही असतं," म्हणाला, आणि हसला नाही.

द्वारकाआत्या सांगायची,
चमचा मी मुंबईत आल्यावर पाहिला.
गावी फणसाचं पान दुमडून हीर टोचली
की पेजेला तेवढं पुरे.
धुवायचं नाही, विसळायचं नाही,
जेवण झालं की चमचा म्हशीला.
आमटीला करवंटीची डवली,
टोपाच्या बुडाला शिंपला.
आणि सुरी?
सुरी काय जेवायला घेऊन बसायची वस्तू आहे?

मग ग्रँट रोडला मर्झबानांकडे लागली.
बाईंनी शिकवलं: काटा डावीकडे, सुरी उजवीकडे,
पात्याची धार आपल्या ताटाकडे,
शेजारच्या पाहुण्याकडे नाही.
घरी येऊन उदबत्तीच्या काड्या मांडून
ती आमची परीक्षा घ्यायची.
बाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने
पगाराबरोबर तिला एक चमचा दिला.

तोच आता कंसाऱ्याच्या हातात.
पाठीवर चार अक्षरं, ई पी एन एस.
आत्या म्हणायची, बाईंच्या कुणा काकाचं नाव असेल.
"चांदीचं पाणी," तो म्हणाला. "उडालंय. हे बघा, पिवळं."
टोक सरळ नव्हतंच. तिरकं,
जीभ चावल्यासारखं.
"रोज काहीतरी खरवडलंय याने. तीस-चाळीस वर्षं.
उजव्या हाताने खरवडलं तर डावी कड जाते.
याची उजवी गेलीय.
घरात डावखुरं कोण?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

आत्या उजव्या हाताने जेवायची,
उजव्या हाताने वाढायची, कुंकू लावायची,
बँकेत वेडीवाकडी सही करायची तीही उजव्याच.
ती पाच वर्षांची असताना आजोबांनी
तिच्या डाव्या पंज्याला फडकं बांधून ठेवलं होतं,
आंब्याला मोहोर यायच्या सुमारापासून आंबे उतरेपर्यंत.
ही घरातली गमतीची गोष्ट होती.
मुलांत डावं-उजवं करू नये,
हेही त्याच पंगतीत, त्याच तोंडाने सांगितलं जाई.

दुपारी सगळे लवंडले की
स्वयंपाकघराचं दार आतून लागायचं.
खर्र. खर्र. दुधाच्या पातेल्याच्या बुडातून
काहीतरी सुटायचा आवाज.
दार उघडलं की वाटीत खरवड, वर साखर.
आम्ही वाटीवर तुटून पडायचो.
दाराच्या फटीला डोळा लावावा
असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

"याचे काही येत नाहीत," कंसारा म्हणाला.
मी तो उचलून घेतला.
बाकीचं तीन किलो दोनशे भरलं,
डावासकट.
त्याने नोटा मोजल्या, पुढे केल्या.
चमचा उजव्या मुठीत होता,
मी डावा हात पुढे केला.

त्याने नोटा मागे घेतल्या.
"लक्ष्मी आहे, बेन," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला,
"त्या हाताने घ्या."