पत्त्याचा रकाना

बांबोळीच्या ग्रंथालयात आज चौथा दिवस.
शोधते : पत्ता, गोवा.
तीस वर्षांचे शोधनिबंध,
एका पांटलीत मावतील एवढे.

माकडतापावरचा हा एक.
रक्त सत्तरीतल्या काजू वेचणाऱ्या बायांचं,
पहिल्या लेखकाचा पत्ता पुण्याचा.
मोजू कुठं?
‘छापलाय तिथं,’
अनाक्लेत सर म्हणतात, चष्मा पुसत.

शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या आभारांत
वाळपईच्या प्रयोगशाळेतला सगुण झर्मेकर.
छापलंय ‘शगुन’.
शीतपेटी मांडीवर घेऊन
कदंबच्या बसनं यायचा तो,
बर्फ वितळायच्या आत.

आभार मोजत नाहीत.
तरी मी शेजारी एक रकाना वाढवला.
त्याला मथळा सुचेना.
खाली एवढंच लिहिलं :
सगुण.
स ला काना नाही, ण बाणातला.