अधिक-उणे

उद्यमनगरात सोमवारी लाइट नसते,
म्हणून आमचा आठवडा मंगळवारी उजाडतो
आणि उजाडतो तोच उशीर झालेला असतो.
या खेपेस बुश सहाशे, टेम्पो शनिवारी,
तपासायला मी एकटी.
एकाला एक मिनिट धरलंय मालकांनी.
चहा धरलेला नाही.

मायक्रोमीटर बंद करताना तीनदा कटकटतो,
तेवढंच दाबायचं, जास्त नाही.
मला ते आवडतं,
लोखंडानं आपण होऊन सांगणं की आता बास.

आणि मागून जिन्यावर
कर्र.
मग काही नाही.
मग कर्र.
नवे अकाउंटंट मगदूम वर चढतायत,
पायात कापशीची चप्पल,
आणि वाजते फक्त उजवी.

बुधवारचं काही आठवत नाही.
दोनशे दहा झाले एवढं वहीत आहे.
हां, मणेरमामांनी लेथवरचा कीस आणून दिला होता,
हातभर, कुठंही न तुटलेला,
वांग्याच्या देठापाशी असतो तसल्या रंगाचा.
"ठेवा ताई, असला रोज निघत न्हाई."
ड्रॉवरमध्ये ठेवला,
केएमटीच्या तिकिटांशेजारी.
तिकिटं कशाला ठेवते विचारू नका.
ज्यांचा नंबर उलटा वाचला तरी तोच येतो, तेवढीच ठेवते.
नऊ वर्षांत चौदा.

पण डावी का वाजत नाही?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत राहवलं नाही.
मगदूम हात धुवायला गेले,
चपला टेबलाखाली जोडीनं बसलेल्या.
व्हर्नियर लावला.
उजवी अकरा पूर्णांक बेचाळीस,
डावी अकरा पूर्णांक चाळीस.
ओल्या हातांनी ते दारात उभे.
मी म्हटलं, "मापात आहेत दोन्ही."
ते म्हणाले, "बरं झालं."
आणि डबा उघडून मला कोल्हापुरी नसलेलं,
शेडबाळच्या मावशीचं लोणचं दिलं.

संध्याकाळी बस चुकवून सुभाषनगरला गेले.
सातपुते तळ शिवत होते, मान वर न करता म्हणाले,
"आत बी घालतो आम्ही. विंचवाचं.
चाललं की घासतंय, घासलं की बोलतंय."
"आणि एकच बोलत असेल तर?"
"दुसरं दमलं असंल."
दोऱ्याला मेण लावलं. ओढला.
"उसवून नवं घालता येतंय की.
पर वाजणारी चप्पल घालणाऱ्यानं
ते सोताच इचारायला यावं."

मी विचारायला गेले होते हे कुणाला सांगितलं नाही.
शुक्रवारी कर्र आलं,
मग ती मधली गप्प पायरी,
आणि मला माहीत होतं तिथं काय दमून बसलंय.
सहाशेतले पाचशे चार झाले होते.
कंबर धरली होती. तरी.

गंगावेशीत घरी जाताना दुधाचा कट्टा,
एका म्हशीच्या शिंगाला कुणीतरी हिरवी टिकली चिकटवलेली,
फक्त एकाच.
इथंही एकच, असं मनात येऊन
ग्लासभर धारोष्ण प्यायले उभ्यानं,
फेस नाकाला लागला,
कट्ट्यावरच्या म्हातारीनं नुसतं बोट करून दाखवलं.

शनिवारी टेम्पो सात-दहाला हलला.
पाचशे नव्याण्णव गेले.
एक दोन मायक्रॉननं मोठा निघाला,
मालक दोनच तर आहेत म्हणाले,
मी दोन आहेत म्हटलं.
तो आता तिकिटांवर वजनाला आहे.

रविवारी रंकाळ्यावर बसले होते, पाठमोरी, काही न मोजता.
मागून आलं.
कर्र कर्र, कर्र कर्र,
दोन्ही!
झटकन वळले.
सहा-सात वर्षांचा पोरगा,
बापाच्या चपलांत अर्धा पाय,
एका हातात घसरणारी चड्डी, दुसऱ्यात कागदाची पुडी.
"नवं बी आहे वाटतं," मी मोठ्यानं बोलून बसले.
त्यानं पुडीत बघितलं,
मग माझ्याकडं, जरा कीव करत,
"बी न्हाई वो काकू. शेंगा हायत."