शत्रू नाही

तलाठ्याचा फोन आला: संरक्षण संशोधनवाले येताहेत,
दौलत, त्यांच्यासोबत राहा.
मला वाटलं तोफ येईल, नाहीतर जाळी टाकलेला ट्रक.
आली पांढरी जीप. तीत दोन पोरं, चार पेट्या
आणि हैदराबादच्या राघवी मॅडम,
हातात माईक, त्याला फुटल्या बोंडासारखं पांढरं टोपडं.

रडारला चुकवून खालून येणारं ड्रोन
कानानं ओळखायचं यंत्र आहे म्हणे.
शत्रूचा आवाज त्यानं लॅबमध्येच पाठ केलाय.
आता शिकायचं ते उरलेलं,
जे जे शत्रू नाही ते सगळं.
"कितना होगा, भैया?"
मी चटई टाकली. म्हटलं, बसा.

थ्रेशर. हरभऱ्यातलं वेगळं, तुरीतलं वेगळं,
दाणा बदलला की त्याचा गळा बदलतो.
फवारणीचा पंप, चालू होताना आणि पेट्रोल संपताना.
नाल्याकाठच्या सादड्यावरचं आग्या मोहोळ,
त्याच्याखाली मॅडम सात मिनिटं, श्वास धरून.
सरपंचाच्या पोराची बुलेट.
शाळेतला पंखा, ज्याची तक्रार मी तीनदा लिहून दिली.

द्वारकाबाई उईकेच्या चक्कीपाशी दिवा लाल झाला.
शत्रू, सत्त्याऐंशी टक्के.
पट्टा बदलला, ज्वारी काढून गहू टाकला: एक्याण्णव.
"माही चक्की?" पिठानं पांढऱ्या भुवया वर गेल्या.
"तीस वर्सं झाले, कोनाचं मूठभर पीठ नाई ठेवलं तिनं.
त्या डब्याले इचारा, भाकर खाते का थे?"
तीन दिवस त्याला चक्कीच ऐकवली,
सकाळची, भरल्या पोटाची, रिकामी फिरणारी,
तेव्हा कुठं दिवा राखाडी झाला.
द्वारकाबाईनं चक्कीला हळद लावली.

पडद्यावर दोन रकाने. शत्रू. शत्रू नाही.
अख्खी तरोडी दुसऱ्यात मावली.
बंडू वानखडेनं विचारलं, "मंग आमी कोन? दोस्त?"
मॅडमनी वर-खाली शोधलं, खरंच शोधलं.
तसा रकानाच नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी डेपोकडून धमाका आला,
जुने गोळे फोडतात तो.
फडताळातली ताटं हलली.
मॅडम माईक टाकून भिंतीशी.
"ये क्या था?"
मी म्हटलं, काय?
मग ध्यानात आलं, हा आवाज मी यादीत सांगितलाच नव्हता.
गावात कोणीच नव्हता सांगितला.
त्यांचं बोट दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर थांबलं.
पुढं कुठं टेकलं ते मी पाहिलं नाही.

शेवटी त्यांना शांतता हवी होती.
तासभर, पहाटे तीन ते चार.
म्हणजे आदल्या संध्याकाळी मी डफडं बडवत गावभर फिरलो
की कोणी आवाज करू नये.
त्या हप्त्यात लाईन रात्रीची होती, तरी मोटरी बंद राहिल्या,
दांडातलं पाणी जिथल्या तिथं उभं.
कुत्री घरात. कोणाचं तरी लेकरू पदरात.
बेचाळीसाव्या मिनिटाला माझ्या काखेतलं डफडं
वाऱ्यानं आपलं आपणच घुमलं.
यंत्रानं मान वळवली.
मी तळवा ठेवून त्याला गप्प केलं,
आणि उरलेली अठरा मिनिटं तळवा काढला नाही.

आता महिना झाला. जीप पुन्हा आली नाही.
आमचे आवाज सरहद्दीवर कुठंतरी पेटीत बसून असतील,
कोणाला तरी सांगत असतील, घाबरू नको, ही चक्की आहे.
इकडे मात्र पहाटे द्वारकाबाईनं बटण दाबलं
की मी आधी वर बघतो.
मग दळणाचा डबा उचलतो.