पोटरीचं माप

गुडघ्याच्या वाटीखाली दहा सेंटिमीटर
बॉलपेनाची एक रेघ.
स्पंज केला की पुसते, मी परत काढते,
रोज तिच्यावरच टेप.
उजवी तेहतीस. डावी तेहतीस.
बेड नऊ, भिकाजी घाडीगावकर, वय अडुसष्ट,
खुब्याचं हाड, प्लेट आणि स्क्रू.

"पँट शिवतंस काय?" पहिल्या रात्री म्हणाले.
म्हटलं, हो, पण ट्रायल उभं राहून द्यावी लागते.

पांढरे मोजे टाचेपासून वर चढवायचे,
सुरकुती नको, वरची कड दुमडायला नको,
दुमडली की तोच फास.
बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडीची चिमट,
बारीक सुई. चोळू नका, म्हणते.
सगळेच चोळतात.
पायाला हवेने दाबणारं मशीन वॉर्डाला एकच,
ते बेड तीनवर रात्रभर फुसफुसत असतं.
बाकीच्यांना आमचे हात.

बत्तीस वर्षं हे पालिकेचे चावीवाले.
छातीएवढी लोखंडी चावी
शिवडीच्या रस्त्यातल्या झाकणांखाली घालून
कुणाला सव्वाचारला, कुणाला साडेपाचला
पाणी सोडायचं.
"एकदम उघडूची नाय, पाइप धडधडता.
आणि पाणी उभा र्‍हवला तर आत गाळ बसता."
मला वाटलं, चला, यांना काही समजवायला नको.

तिसऱ्या रात्री ओठांना पापुद्रे.
लघवी काळ्या चहासारखी.
जग सकाळी भरलेला, तसाच,
झाकणावर माशी.
का नाही प्यायलात?
गप्प.
बेड आठचा इस्माईल भिंतीकडे बघत म्हणाला,
त्यांना भांडं मागायची लाज वाटते, सिस्टर.
बाईमाणसाकडे.

अर्ध्या शिवडीला पाणी पाजलेला माणूस
एका भांड्यापायी कोरडा पडला होता
आणि संध्याकाळच्या चार्टवर
माझ्याच अक्षरात: पाणी पुरेसं.

मला चौदा नंबर आठवला.
मार्चमधला. घोट्याला प्लास्टर, सत्तावीस वर्षांचा.
डिस्चार्जचे कागद हातात घेऊन उभा राहिला,
म्हणाला, सिस्टर, जरा दम लागतोय,
आणि म्हणताना हसत होता.
त्याच्या पोटरीचं माप कुणी घेतलं नव्हतं.
मीही नाही.

मग ठरलं. तानाजीमामा स्वतःहून येतील,
रात्री तीनदा, पडदा ओढून.
मागायचंच नाही.
दर तासाला अर्धा पेला.
आणि जागे असाल तेव्हा पंजे वर, पंजे खाली, दहा वेळा.
"दहान काय होतला?
व्हॉल्वाक बेचाळीस फेरे आसत."

पहाटे सव्वाचारला राउंडवर गेले
तर वॉर्ड झोपलेला
आणि नऊ नंबरच्या चादरीखाली दोन पावलं चालू.
डोळे मिटलेले. ओठ हलत होते.
मला वाटलं नाव घेतायत.
वाकून ऐकलं:
बंदर गल्ली. कोळसेवाल्यांची चाळ.
मशिदीमागची तीन घरं, त्यांका जरा जास्ती.
एकेका गल्लीला बेचाळीस.

सकाळी क्रिस्टल वॉकर घेऊन आली.
पहिलं पाऊल, शिवी.
दुसरं, शिवी.
खिडकीशी पोचले, घामाने चिंब,
खाली इस्पितळाच्या टाकीत टँकर रिकामा होत होता.
दोन मिनिटं बघत राहिले.
"प्रेशर नाय हा," म्हणाले,
आणि वळायचं कसं ते विसरले.

परत आडवं करून टेप लावली.
उजवी तेहतीस.
डावी साडेतेहतीस.
"तो अर्धो खंयचो?"

रेघ पुसली होती. मी अंदाजाने काढली,
बोटभर वर गेली असेल.
किंवा नसेल.
पोटरी दाबून पाहिली, गरम नाही, दुखत नाही.
डॉक्टरांना कळवलं, वहीत लिहिलं,
रेघ या वेळी मार्करने ओढली.

दुपारी परत मोजू, म्हटलं.
तोवर हा पेला.